दिवसा पडदे ओढलेला दिवा

पौष महिन्याबद्दल चांगलं बोलणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. लग्न नको, मुंज नको, नव्या घरात जाणं नको; पंचांगवाल्यांनी या बिचाऱ्या महिन्याला वाळीतच टाकलेलं. आमच्यासारख्या कापडवाल्यांच्या घरात तर पौष म्हणजे सक्तीची सुट्टी. लग्नाची खरेदी थांबली की हुबळीच्या दुर्गदबैलाच्या बाजारातल्या आमच्या दुकानात अप्पा, म्हणजे माझे वडील, लोडाला टेकून नुसते बसलेले असत. समोरच्या धान्याच्या दुकानाची पायरी ओलांडून ऊन आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं की लोकरी शाली तेवढ्या उन्हात घालायच्या आणि उन्हाबरोबर सरकवत न्यायच्या, एवढंच काम. मला मात्र पौष फार आवडायचा. वर्षाचे अकरा महिने अप्पा गिऱ्हाइकांचे असत, पौषात ते आमचे असत.

परवा हे सगळं आठवायचं कारण तसं क्षुल्लक आहे. केलगेरीच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात माझी दोन्ही मुलं बराच वेळ गुपचूप बसली होती. माझी मुलं गुपचूप बसली की मी हातातलं काम टाकून उठते. जाऊन बघते तो यांचं वाचायचं भिंग धाकट्याच्या हातात, आणि त्याच्याखाली माझं स्वयंपाकघरातलं फडकं. पौषातलं कोवळं दिसणारं ऊन भिंगातून एका ठिपक्याएवढं होऊन फडक्यावर उतरलं होतं आणि ठिपक्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. ओरडायला तोंड उघडलं, आणि जळक्या सुताचा तो वास नाकात गेला. ओरडायचं राहून गेलं. मी पदर खोचून त्यांच्याशेजारी खाली बसले.

"आई, तू रागावली नाहीस?" थोरल्याने संशयाने विचारलं.

रागावणार कोणत्या तोंडाने? त्यांच्याएवढी असताना मी याच उन्हाने सरकारी दिवा पेटवायला निघाले होते.

आमच्या घरात एक खेळ होता. दिवेलागण झाली की अप्पा आम्हाला ओळीने बसवत, डोळे मिटायला सांगत आणि हातात कापडाचे तुकडे देत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये कापड धरून चोळायचं आणि सांगायचं: मलमल, मांजरपाट, खण, इरकली, दुहेरी सुताची दोसुती. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणायचो, तेव्हा बारा वर्षांचा होता. दुकान पुढे त्याचंच. पण त्याला रेशीम आणि घोंगडी यापलीकडे काही समजायचं नाही. तो आपला प्रत्येक गोष्ट मोजायचा. धाकटा बंडू सात वर्षांचा. त्याला तुकडे चघळायला आवडायचे. मी मधली, नऊ वर्षांची, आणि माझा हात चुकायचा नाही. उभ्या धाग्याचा ताणा कसा, आडव्या धाग्याचा बाणा कसा, कांजी किती, सगळं मला बोटांतून कळायचं. "पोरीला हात हाय," अप्पा आईला सांगायचे, आणि मग थोडा वेळ काहीच बोलायचे नाहीत, कारण मुलीच्या हाताचा दुकानाला काय उपयोग. मला त्या वयात ते गप्प बसणं कळत नव्हतं. फक्त शाबासकी कळायची आणि ती मी दुसऱ्या दिवशी दिवसभर मिरवायची.

ही सवय अशी अंगात मुरली की कापड दिसलं की हात जायचाच. लग्नात नवरीच्या शालूला, देवळात पुजाऱ्याच्या सोवळ्याला, एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या कोटाला मी मागून हात लावून बघितला होता. आईच्या नाकी नऊ आले होते. अजूनही जात नाही ही खोड. लढाईपासून रेशनवरचं कंट्रोलचं कापड आलं, सगळ्यांच्या अंगावर एकच पोत, तरीही बाजारात माझी बोटं उगाच चाळवतात.

त्या वर्षी बंडूच्या अंगावर गळवांचं पीक आलं होतं. वैद्यांनी काढे दिले, लेप दिले, आणि शेवटी सांगितलं की पोराला आठ दिवस समुद्राच्या पाण्यात बुडवून काढा. अंकोल्याकडे अप्पांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, त्याने किनाऱ्यावरचं रिकामं घर दिलं. आई तान्ह्या बाळाला घेऊन घरी राहिली. पौष असल्यामुळे अप्पा मोकळे होते. आम्हा तिघांना एकट्याने सांभाळायचं म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नव्हती, म्हणून ते आनंदाने निघाले.

सर्व्हिस मोटारीने कलघटगी येईपर्यंत बंडूने तीन वेळा जागा बदलली. "सुम्म कूडु रे," गप्प बस, असं अप्पा कानडीत सांगून थकले. पुढे घाट लागला तशी अण्णाने वळणं मोजली, मी माझ्या पुढच्या बाईच्या लुगड्याचं सूत मोजलं, आणि बंडूने पोटातलं सगळं बाहेर काढलं. समुद्र दिसला तेव्हा तिघंही खिडकीला चिकटलो. बंडूने मान मागे वळवली.

"अप्पा, पलीकडचा काठ कुठं हाय की?"

"नाही रे दिसत."

"केलगेरीच्या तळ्याचा दिसतो की. हे तळं बांधणाऱ्यानं अर्धंच सोडलं काय?"

अप्पा हसले, पण मला तो प्रश्न फार योग्य वाटला होता. आजही समुद्रासमोर उभं राहिलं की क्षणभर वाटतं, कोणी तरी हे काम अर्धवट टाकून गेलं आहे.

घरासमोर वाळू, वाळू संपली की काळे खडक, आणि खडकांच्या टोकाला उंचवट्यावर पांढराशुभ्र दीपस्तंभ. ओहोटीला खडकांवरून तिथपर्यंत चालत जाता यायचं. पायाखाली कालवांच्या कडा लागायच्या, खळग्यांतल्या पाण्यात बोटभर मासे अडकलेले असायचे. बंडू त्यांच्याशी कानडीत बोलायचा. त्याच्या मते हे मासे मराठी घरातले नव्हते.

त्या दिव्याचे राखणदार होते पेडणेकर, मालवणकडचे, पूर्वी गलबतावर खलाशी होते. सडसडीत, पांढऱ्या मिशांचे. दिव्याची एवढी सवय की दिवसासुद्धा डोळे किलकिले करून बघायचे. रोज सकाळी वाळूवर फिरायला आले की आम्ही त्यांना घेरायचो. दिवा केवढा आहे? कोण पेटवतं? वारा आला तर विझत नाही काय? ते उत्तरं द्यायचे, पण वर न्यायचं नाव काढलं की मान हलवायचे. साहेबाची चिठ्ठी असल्याशिवाय कोणाला वर न्यायचं नाही, असा नियम होता. त्यांच्या पेन्शनला आठ महिने राहिले होते आणि या वयात नियम मोडून त्यांना ती घालवायची नव्हती. हे त्यांनी अप्पांना स्पष्टच सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मात्र ते स्वतः घरी आले.

"परवा आमचा साहेब बोटीतून तपासणीला येतोय," ते अप्पांना म्हणाले. "आठ दिवस घासतोय. पितळेत तोंड दिसतं. पण साहेब काय, दोन मिनिटं बघणार आणि सही करून जाणार. कोणी तरी नीट बघायला हवं होतं हो. आणा पोरांना. भरती चढायच्या आत परत जा."

मला त्या माणसाचं हे म्हणणं आता फार समजतं. दिवसभर राबून स्वयंपाक केला आणि जेवणारा वर्तमानपत्र वाचत जेवला, की मला पेडणेकर आठवतात.

आत थंडगार होतं. घासलेटचा आणि पितळ घासायच्या पुडीचा वास. लोखंडी जिना गोल गोल वर जाणारा. अण्णाच्या मते पायऱ्या अठ्ठ्याहत्तर, माझ्या मते पंच्याहत्तर. बंडूने दोन-दोन ओलांडल्यामुळे त्याचा हिशोबच वेगळा. अप्पा मधल्या खिडकीशी दम खायला थांबले आणि पेडणेकर सहज चढत राहिले. वर पोचलो तर दिव्याच्या खोलीत अंधुक उजेड. खोलीला चहूकडून काचा, आणि काचांना आतून जमिनीपर्यंत पडदे ओढलेले. मधोमध माणसाएवढं भिंगांचं मखर, काचेच्या कड्यांवर कडी रचलेली. त्याचं दार उघडून पेडणेकरांनी आतला दिवा दाखवला. दिव्यावर पांढऱ्या कापडाची टोपी घातलेली होती, धूळ बसू नये म्हणून. खाली घासलेटची टाकी.

"दोन गोष्टींना हात लावायचा नाही," ते म्हणाले. "भिंगाला आणि पडद्याला."

भिंगाचं पटलं. पण पडद्याला? जन्मात मला कोणी कापडाला हात लावू नको असं सांगितलं नव्हतं.

"दिवसा पडदे कशाला ओढलेत?" मी विचारलं. जगाला उजेड देणाऱ्याने स्वतः अंधारात बसायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"सांगतो बाय, सांगतो," म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अण्णा ओरडला. बाहेरच्या गच्चीचं छोटं दार ढकलून बंडू बाहेर गेला होता आणि कठड्याच्या मधल्या दांडीवर चढून समुद्राचा पलीकडचा काठ शोधत होता. पेडणेकर धावले, अप्पा धावले, अण्णा धावला. खोलीत मी राहिले आणि पडदा राहिला.

मी फक्त बघणार होते. समुद्राच्या बाजूच्या पडद्याची कड बोटांत धरली. आधी वाटलं दोसुती. मग वाटलं, नाही. खालची दुमड उलटून पाहिली. अंधारात सूत दिसेना, म्हणून पडदा कड्यांवरून हातभर सरकवला आणि उजेडाकडे धरला. चार वाजून गेले होते. समुद्रावर कललेलं ऊन सरळ आत आलं आणि त्या भिंगांत शिरलं. खोलीभर रंगांच्या चिंध्या उडाल्या. मी इतकी सुंदर गोष्ट तोवर पाहिली नव्हती. बाहेरून बंडूचं भोकाड ऐकू आलं, त्याला धरलं होतं बहुतेक, आणि मीही बाहेर पळाले. पडदा तसाच राहिला.

गच्चीवर वारा असा की बोललेलं उडून जात होतं. पेडणेकर दूरची गलबतं दाखवत होते, अप्पांनी बंडूची चड्डी मागून मुठीत धरली होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मला वास आला. माझ्या नाकाला तो सगळ्यांच्या आधी आला असणार, पण मी काही बोलले नाही. पेडणेकरांना आला तेव्हा ते आत झेपावले.

दिव्यावरची टोपी धुमसत होती. त्यांनी ती उघड्या हाताने खेचून काढली आणि मुठीत चुरगळून विझवली. पडदा सर्रकन ओढला. टोपीला मधोमध चवलीच्या नाण्याएवढं भोक, भोवती तपकिरी कड. खाली घासलेटची टाकी. पेडणेकरांनी मूठ उघडली तेव्हा तळहात लाल झालेला दिसला.

"परवा साहेब येणार," एवढंच ते म्हणाले. "सगळं सरकारी. प्रत्येक फडकं बघतो."

अप्पांनी वळून बंडूच्या थोबाडीत दिली. "पडदा तूच सरकवलास नव्हं!"

बंडूने माझ्याकडे पाहिलं नाही. पडदा कोणी सरकवला, ते त्याला ठाऊकच नव्हतं. पडद्याचं त्याने ऐकलंच नाही; आपण कठड्यावर चढलो म्हणून मार बसला, असं समजून तो रडला. मी मात्र समजून-उमजून गप्प बसले. खोटं बोलले नाही, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आले. ती समजूत मला कधीच पटली नाही.

पेडणेकर हाताला खोबरेल लावायला खालच्या खोलीत गेले, अण्णा आणि बंडूही त्यांच्याबरोबर उतरले. अप्पांनी टोपी मांडीवर घेतली. कोटाच्या गळपट्टीखाली त्यांची सुई कायम टोचलेली असायची. तरुणपणी मिरजेला असताना शेजारच्या रफूगर चाचांकडून ते रफू शिकले होते, पण दुकान झाल्यापासून कोणासमोर करत नसत. त्यांनी जळकी कड कात्रीने कापून काढली, टोपीच्या आतल्या दुमडीतूनच सुताचे धागे ओढून काढले आणि एकेक धागा भोकावर आडवा-उभा विणायला घेतला. मी धागे वेगळे करून देत होते.

चांगला अर्धा तास सुई चालली. मग मान वर न करता, दुकानात विचारत तसं, अप्पांनी विचारलं, "शांते, वरचे पडदे कसले असतील गं? दोसुती वाटते."

"दोसुती नाही," मी ताबडतोब म्हणाले. "वाटते तशी. ताणा दुहेरी आहे, बाणा एकेरी. आणि खालची दुमड मांजरपाटाची आहे, मागाहून जोडलेली."

बरोबर उत्तर दिल्याचा आनंद एक श्वासभर टिकला.

अप्पांची सुई थांबली. "खालची दुमड उलटी करून तू कधी बघितलीस?"

त्यांना संशय होता की त्यांनी सहजच विचारलं होतं, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. त्या क्षणी मला वाटलं, जिना उतरून थेट समुद्रात जावं. मी रडायला लागले. अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"टाके मी घालतो," ते म्हणाले. "बाकीचं तू बघ."

पंच्याहत्तर पायऱ्या उतरताना एकही मोजली नाही. पेडणेकर बाकावर तेलकट हात उताणा ठेवून बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. बंडूने नाही, मी. त्यांनी माझ्याकडे किलकिल्या डोळ्यांनी बघितलं.

"कसलं निघालं कापड?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतात. पण नाही. "पंधरा वर्षं रोज सकाळी ओढतोय ते पडदे, मला ठाऊक नाही. दुमड मात्र मीच शिवलीय."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मग त्यांचं राहिलेलं उत्तर दिलं. "ज्या वाटेनं आमचा उजेड बाहेर जातो, त्याच वाटेनं ऊन आत येतं. भिंग काही बघत नाही बाय, कोण जातंय नि कोण येतंय."

परतताना पाणी गुडघ्याला लागत होतं. अण्णाने बंडूला पाठुंगळी घेतलं. हुबळीला परत निघालो तेव्हा मी बंडूला मोटारीतली खिडकीजवळची माझी जागा देऊ केली. त्याने ती घेतली आणि घाटात पुन्हा सगळं बाहेर काढलं. तो मार विसरल्यासारखाच होता. अप्पा विसरले नव्हते, पण त्या काळी बापाने लेकापुढे चूक कबूल करायची पद्धत नव्हती. रोज जेवताना ते बंडूच्या पानात गुळाचा जास्तीचा खडा ठेवायचे.

संक्रांतीच्या सुमाराला दुकानात पोस्टकार्ड आलं. अप्पांनी मला बोलावून ते वाचायला लावलं. पेडणेकरांनी लिहिलं होतं, "साहेब आले. टोपी हातात घेतली, उजेडाकडे धरली, त्यांना काही दिसलं नाही. वहीवर सही करून निघाले. मग मीच त्यांना थांबवून सगळं सांगितलं. तुमच्या पोरीला कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने मला येऊन सांगितलं. त्यानंतर मला गप्प बसणं जड जात होतं. पेन्शन शाबूत राहिली. शेवटचे आठ महिने मात्र दुसऱ्या बंदरावर, दुसऱ्याच्या हाताखाली काढायचे आहेत. रफू कोणी केली, ते साहेबांनी दोनदा विचारलं."

मी वाचलं आणि पुन्हा रडले. वाटलं, मी बोलले नसते तर तो माणूस त्याच्या घासूनपुसून लखलखीत केलेल्या दिव्यापाशीच राहिला असता. माझ्या खरं बोलण्याने त्याचं भलं केलं की नुकसान, हे कोडं मला आज दोन मुलांची आई झाल्यावरही सुटलेलं नाही. मुलांना "खरं बोला" असं सांगताना माझा आवाज दरवेळी किंचित अडखळतो.

अप्पांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, स्वतः पुन्हा एकदा वाचलं आणि घडी नसलेल्या कार्डाची उगाच घडी घालायला लागले. मग म्हणाले, "बंडूला बोलाव."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, समोरचे धान्यवाले येऊन बसले होते, अण्णा ताग्यांवर चढला होता. बंडू गल्लीतून धावत आला, हातात गोट्या. सगळ्यांच्या देखत अप्पा गादीवरून उठून उंबऱ्याशी आले आणि त्याच्यासमोर वाकून म्हणाले, "बंडू, त्या दिवशी वर दिव्यापाशी मी तुला उगाच मारलं. पडदा तू सरकवला नव्हतास. चुकलं माझं."

धान्यवाले वळून बघायला लागले. मी ताग्यांकडे तोंड फिरवलं. बंडूने गोट्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या आणि जरा विचार केला.

"असू दे की अप्पा," तो म्हणाला. "कठड्यावर चढलो होतो, त्याचं मारायचं राहिलंच होतं तुमचं."